साध्या टेली लेन्सवर वन्यप्राण्यांचे फोटो: पुण्याजवळच्या माळावर आणि नदीकाठी क्रमाने काय करायचं

दर हिवाळ्यात कवडीपाटच्या बंधाऱ्यावर मला एकच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. गळ्यात नवा कॅमेरा घातलेलं कुणीतरी गाडीतून उतरतं आणि पाण्यातल्या चक्रवाकांकडे सरळ चालू लागतं. तिसाव्या पावलाला थवा उडतो. मग उडत्या थव्याचे चाळीस फोटो निघतात, घरी जाऊन पाहावं तर चाळीसही हललेले. संध्याकाळी प्रश्न येतो, "सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊ का?"

लेन्सची घाई करू नका. गेली काही वर्षं नव्या मंडळींबरोबर फिरताना जे पाहिलं त्यावरून सांगतो, बहुतेक फोटो क्रम चुकल्यामुळे बिघडतात. घरी करायची कामं लोक जागेवर करत बसतात, आणि बसून करायचं काम चालत चालत करतात. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. सामान साधंच धरलंय: जुना एंट्री लेव्हल डीएसएलआर किंवा मिररलेस, त्यावर ७०-३०० किंवा ५५-२५० मिलिमीटरची झूम, नाहीतर मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लेन्स न बदलता येणारा. प्राणीही आपल्याच भागातले: चिंकारा, खोकड, मुंगूस, शेकरू आणि नदी-माळावरचे पक्षी.

१. आधी अंतराचं गणित, मग जागा

लहान सेन्सरच्या डीएसएलआर किंवा मिररलेसवर ३०० मिलिमीटरची लेन्स लावून दहा मीटरवर नेम धरला, तर चौकटीत साधारण ७८ सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. वीस मीटरवर दीड मीटर, तीस मीटरवर सव्वादोन मीटरहून थोडा जास्त. हे आकडे पाठ करा, कारण कोणता प्राणी आपल्या लेन्सच्या आवाक्यात आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. बुलबुल वीस सेंटीमीटरचा. दहा मीटरवरून तो चौकटीचा जेमतेम पाव भाग भरतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात क्रॉप करून (कडा कापून) चालून जाईल, पण पंचवीस मीटरवरून तो ठिपकाच राहणार. राखी बगळा मात्र वीस मीटरवरूनही चौकट उंचीने भरून टाकतो. चिंकारा तीस मीटरवर मिळाला तर भोवतीच्या माळासकट सुंदर बसतो.

म्हणून सुरुवात मोठ्या किंवा माणसाला सरावलेल्या प्राण्यांपासून करा. पुण्यात त्यांची वाण नाही.

कवडीपाट सोलापूर रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. पाण्याला वास येतो, काठावर प्लास्टिक अडकलेलं असतं, पण तिथले शेकाटे, धोबी, बगळे आणि हिवाळ्यातले चक्रवाक लोकांची ये-जा रोज पाहतात, त्यामुळे शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, चित्रबलाक आणि बदकं मिळतात. कुंभारगाव आणि डिकसळ इथे गावातलेच नावाडी बोटीतून नेतात. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तक, नाचण असे झाडीतले पक्षी भेटतात, पण तिथे सावली गडद आणि पक्षी लहान, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाची जागा समजा. वेताळ टेकडीवर मोर आणि मुंगूस दिसतात. चिंकाऱ्यासाठी मोरगाव-सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे छोटंसंच. खोकड, लांडगा यांच्यासाठी इंदापूरकडचं कडबनवाडी आणि बारामतीकडचं शिर्सुफळ. दोन्हीकडे वनविभागाची गवताळ सफारी आहे, आधी नोंदणी करून जावं. शेकरू भीमाशंकरला.

यादी वाचून सगळ्याच ठिकाणी जावंसं वाटेल. तसं करू नका. एक जागा निवडा आणि तिथे निदान चार वेळा जा. पहिल्या फेरीत प्राणी कुठे आहेत ते कळतं, दुसऱ्या फेरीत ते कुठून येतात ते, आणि चांगला फोटो बहुतेक वेळा त्यानंतरच हाती लागतो.

*तपासा:* ठरवलेला प्राणी तुमच्या लेन्सने किती मीटरवरून निम्मी चौकट भरतो, हे बोटावर सांगता येतंय का? येत नसेल तर प्राणी बदला.

२. कॅमेरा घरीच लावून ठेवा

जागेवर मेन्यू उघडायची वेळ आली की समजा तो क्षण गेला. सेटिंग्ज शनिवारी दुपारी करून टाका.

डायल शटर प्रायॉरिटीवर ठेवा (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा), म्हणजे कॅननवर टीव्ही आणि इतर बहुतेकांवर एस. शटर १/१००० सेकंद. आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ऑटो, कमाल मर्यादा ३२००. अनुभवी लोक मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ अशी जोडी वापरतात, पण जुन्या स्वस्त कॅमेऱ्यांपैकी काहींत त्या जोडीवर एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा ते) कमी-जास्त करता येत नाही. शटर प्रायॉरिटीत ते सगळ्याच कॅमेऱ्यांवर होतं, म्हणून नवख्याला मी हेच सुचवतो. प्रकाश कमी असला की कॅमेरा आपोआप अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) पूर्ण उघडतो आणि मग आयएसओ वाढवतो. आपल्याला तेच हवं असतं.

१/१००० का? बसलेल्या पक्ष्याला १/५०० सुद्धा पुरतं. पण बसलेला पक्षी मान फिरवतो, शेपूट हलवतो, आणि ३०० च्या लेन्सवर आपल्या हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन येते. प्राणी अगदी स्थिर आहे आणि उजेड कमी आहे असं दिसलं की १/५०० वर या. उडणाऱ्यासाठी १/२०००.

फोकस सतत चालणारा ठेवा: एएफ-सी, किंवा कॅननवर एआय सर्वो. फोकसचा ठिपका एकच, मधला. सगळे ठिपके चालू ठेवले की कॅमेरा समोरची गवताची काडी पकडतो आणि मागचा ससा धूसर राहतो. माळावरचे निम्मे बिघडलेले फोटो याच कारणाने बिघडलेले असतात. बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू. फाइल रॉमध्ये (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती त्यात राहते), किंवा रॉ अधिक जेपेग.

आता दोन गोष्टी, ज्या जवळपास कुणीच पाहत नाही. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) शेजारी एक बारीक चाक असतं. ते आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. व्ह्यूफाइंडरमधली अक्षरं रेखीव दिसेपर्यंत फिरवा. ते चुकलेलं असेल तर फोकस लागलाय की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दुसरं, लेन्सवर दुकानदाराने लावून दिलेला स्वस्त यूव्ही फिल्टर. तो काढा आणि हूड (लेन्सच्या तोंडाला बसणारं झापड) लावा. टेली लेन्सवर ती काच फोटो मऊ करते. लेन्सही ३०० च्या टोकाला मऊ वाटत असेल तर २७० वर आणून पाहा, बऱ्याच स्वस्त झूममध्ये फरक दिसतो.

ब्रिज कॅमेरावाल्यांनी डिजिटल झूम बंद करावा आणि आयएसओची मर्यादा ८०० च्या वर नेऊ नये. सेन्सर छोटा असल्याने त्यापुढे पिसांचा चिखल होतो. पक्षी शोधताना आधी झूम पूर्ण मागे, पक्षी मध्ये आला की मग पुढे. थेट मोठ्या झूममधून शोधत बसलात तर नुसत्या फांद्या दिसतील.

मग गच्चीवर जा. पुण्यात घार बहुतेक कुठल्याही गच्चीवरून दिसते. अर्धा तास फक्त घारीवर मधला ठिपका धरून ठेवायचा सराव करा. शटर नाही दाबलं तरी चालेल. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना एक्स्पोजर कमी-जास्त करणारं बटण आणि शटरचं चाक अंगठ्याला न बघता सापडलं पाहिजे.

*सावधान:* 'स्पोर्ट्स' किंवा 'सीन' मोडवर विसंबू नका. त्यात बहुधा एक्स्पोजर तुमच्या हातात राहत नाही, आणि पांढऱ्या बगळ्याच्या वेळी तेच लागणार आहे.

३. आदल्या रात्रीची पिशवी

बॅटरी चार्ज, थंडीत एक जादा. कार्ड जुने फोटो उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातच फॉरमॅट. पाणी, टोपी, मातकट किंवा फिकट हिरवा शर्ट. पांढरा शर्ट आणि भडक जॅकेट घरी. सळसळणारा रेनकोटसुद्धा नको, त्याचा आवाज माळावर फार दूर जातो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या. जागेवर पोचायची वेळ त्याच्या अर्धा तास आधीची धरा आणि घरून निघायची वेळ त्यावरून मागे मोजा.

बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची पिशवी, मात्र जरूर करून घ्या. खर्च जवळपास शून्य आणि फायदा महागड्या ट्रायपॉडपेक्षा जास्त. जुन्या जीनचा गुडघ्याखालचा पाय हातभर लांबीचा कापा. एक तोंड दुहेरी शिवून बंद करा, दुसऱ्याला चेन लावा. आत दीड-दोन किलो मोहरी किंवा तांदूळ. मोहरी मला जास्त आवडते, कारण तिचे दाणे गोल असल्याने लेन्स टेकवली की पिशवी हवा तसा खळगा धरते. पूर्ण ठासून भरू नका. तिसरा हिस्सा रिकामा राहिला तरच ती गाडीच्या काचेवर दोन्हीकडे पाय टाकून बसते. पावसाळ्यात आतलं धान्य काढून उन्हात घाला, नाहीतर पिशवीला किडे लागतात. चालत जायचं असेल तर पिशवी रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर कोरडी वाळू प्लास्टिकच्या थैलीत बांधून तिच्यात भरा.

*तपासा:* निघायच्या आधी शयनगृहातल्या अंधारात एक फोटो काढा. कार्ड आत आहे ना, फ्लॅश आपोआप उघडत नाही ना, 'बीप' बंद आहे ना, हे एका फोटोत कळतं.

४. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतच

हे ऐकायला फार जड जातं, मला ठाऊक आहे. पण ही पंधरा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात. या वेळात चार गोष्टी बघायच्या.

सूर्य कुठे आहे. आपली सावली प्राण्याच्या दिशेने पडली पाहिजे. तशी उभं राहायची जागा आहे का ते पाहा. नसेल तर लांबून वळसा घालून जा, प्राण्यासमोरून नाही.

वारा कुठून येतोय. चिमूटभर धूळ सोडून पाहा. चिंकारा, खोकड, मुंगूस यांना आपला वास आपल्या आधी पोचतो, म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. पक्ष्यांचं उलट: ते वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि उतरतात, म्हणून वारा आपल्या पाठीवर असेल तर पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो. पाठमोऱ्या पक्ष्यांचे शेकडो फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे एकदा करून पाहावं.

तिसरं, प्राणी परत परत कुठे येतो. पाण्याकडेचा एखादा दगड विष्ठेने पांढरा झालेला असेल तर तिथे कुणीतरी रोज बसतं. वेडा राघू एकाच तारेवरून किंवा काटकीवरून झेप घेतो आणि माशी धरून बहुतेक वेळा त्याच जागी परततो. खंड्याचंही तसंच. दगडाभोवती खुरांचे ठसे, मातीत ताज्या लेंड्या, बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत माती: हे दिसलं की फिरणं बंद करा.

चौथं, मागे काय आहे. प्राण्याच्या पाठीमागे विजेचा खांब किंवा कचऱ्याचा ढीग येणार असेल तर दोन पावलं बाजूला सरकल्याने तो जातो. हे आत्ताच ठरवा.

५. जवळ जाणं

छोट्या लेन्सवर काम करणाऱ्याचं खरं कौशल्य इथे लागतं, म्हणून इथे सावकाश वाचा.

पहिला नियम: जमेल तिथे जाऊच नका, बसा आणि त्याला येऊ द्या. बंधाऱ्याच्या काठावर एका दगडाला टेकून, सूर्य पाठीशी घेऊन मी बसतो तेव्हा पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग धोबी शेपूट नाचवत चिखलाच्या कडेने किडे टिपत येतो. त्याच्या मागून शेकाट्या, लाल काडीसारखे पाय एकेक उचलत. आपण हललो नाही तर तो सात-आठ मीटरवर येतो, एवढ्यावर की त्याच्या डोळ्याचं लाल बुबुळ आणि चोचीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबही लेन्समध्ये दिसतो. त्या अंतरावर ३०० पुरून उरते.

दुसरा: जावंच लागलं तर सरळ रेषेत नाही. सरळ येणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे त्यांना जन्मापासून माहीत असतं. तिरकं चाला, नागमोडी, नजर त्याच्यावर रोखू नका. दहा पावलं, मग थांबा. तो पुन्हा चरायला किंवा पिसं साफ करायला लागला की पुढची दहा. जवळ जाताना उंची कमी करत न्या: आधी वाकून, मग बसून, शेवटी पोटावर. कॅमेरा एका झटक्यात वर उचलू नका. चालतानाच तो छातीपाशी ठेवा.

तिसरा: गाडी हीच लपणी. माळावरच्या कच्च्या रस्त्याला प्राणी गाडीला घाबरत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात. काच खाली, बीनबॅग दारावर. प्राणी दिसल्यावर ब्रेक दाबून करकचून थांबू नका, हळूहळू वेग कमी करत त्याच्या थोडं पुढे जाऊन थांबा. थांबल्यावर इंजिन बंद; चालू इंजिनाची थरथर लेन्सपर्यंत येते आणि सगळेच फोटो किंचित हलतात. शेतातून किंवा गवतातून गाडी घालू नका. माळरान ओसाड दिसलं तरी चंडोल आणि टिटवी जमिनीवरच घरटं करतात.

आता प्राणी काय सांगतोय ते वाचायला शिका. चिंकारा आधी मान वर करतो, कान तुमच्याकडे वळवतो. इथेच थांबायचं. पुढचा पाय जमिनीवर आपटला किंवा शिंकेसारखा आवाज काढला, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. दोन पावलं मागे घ्या. पक्षी अंग आवळून उभा राहिला, मान ताठ केली, पुढे झुकला, शिटला, की पुढच्या क्षणी तो उडणार. तुमच्यामुळे उडतोय असं वाटलं तर मागे सरा. आपणहून उडतोय असं वाटलं तर शटर १/२००० ला न्या, बोट तयार ठेवा.

पहिल्यांदा माळावर लांडगा दिसला तेव्हा मी त्याच्यामागे कॅमेरा घेऊन धावलो. मेंढरं घेऊन चाललेले एक धनगर मामा माझ्याकडे बघत उभे होते. दमून परत आलो तेव्हा म्हणाले, "मागं पळून न्हाई घावत त्यो. खाली बसा. जाता जाता एकदा वळून बघतोच." पुढच्या वेळी खाली बसलो. शंभरेक पावलांवर तो थांबला, मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. लांडगा, खोकड, कोल्हा, तिघांनाही ही सवय आहे. पळणाऱ्याच्या मागे पळू नका, जिथे आहात तिथे बसून मधला ठिपका त्याच्यावर धरून ठेवा.

धनगर, शेतकरी, नावाडी यांच्याशी आधी बोला. राम राम करा, काय करताय ते सांगा, शेताच्या बांधावर बसायला विचारा. खोकडाचं बीळ कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं. भिगवणला बोटीत बसण्याआधीच नावाड्याला सांगा, "दादा, थवा उडवायचा नाही. लांबूनच मोटर बंद करा, बांबूने न्या, उशीर झाला तरी चालेल." पर्यटक उडत्या रोहित पक्ष्यांसाठी आग्रह धरतात म्हणून काही जण बोट थव्यात घालतात. तुम्ही नको म्हटलंत तर त्यांनाही बरं वाटतं.

*सावधान:* प्राणी त्याचं काम सोडून फक्त तुमच्याकडे बघत असेल, तर ते अंतर त्याला मान्य नाही. फोटोतही ते दिसतं. डोळे ताणलेले, अंग आखडलेलं.

६. शटर दाबण्याचा क्रम

डावा हात लेन्सच्या खालून, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास सोडता सोडता बटण. आणि पुढचा क्रम मोडू नका.

आधी एक साधा फोटो, जसा आहे तसा. प्राणी निघून गेला तरी हा राहतो.

मग त्या फोटोचा हिस्टोग्राम, म्हणजे उजळ-गडद भागांचा आलेख, बघा. कॅमेरा जे समोर आहे ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं समजून प्रकाश ठरवतो. त्यामुळे गडद पाण्यातला पांढराशुभ्र बगळा जळून जातो, पिसांच्या जागी नुसता पांढरा डाग उरतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे निम्म्यावर) कमी करा, कडक उन्हात थोडं आणखी. उजळ आकाशापुढची घार किंवा पाणकावळा काळा ठोकळा होतो. तिथे एक स्टॉप वाढवा. हिरवळीवरचा वेडा राघू, गवतातला ससा: शून्यावर ठीक. परिस्थिती बदलली की परत शून्यावर आणायला विसरू नका. ही चूक सरावलेल्यांकडूनही होते.

नंतर मधला ठिपका डोळ्यावर. अंगावर नाही, डोळ्यावर. पक्षी लहान असेल तर मानेवर धरा, पण शेपटीवर लागलेला फोकस काही उपयोगाचा नाही. डोळ्यात उजेडाचा एक पांढरा कण दिसला तर प्राणी जिवंत वाटतो. तो दिसेपर्यंत, म्हणजे त्याने मान किंचित सूर्याकडे वळवेपर्यंत, थांबा.

मग उंची. आपली लेन्स त्याच्या डोळ्याच्या पातळीवर यायला हवी. उभ्याने वरून काढलेल्या टिटवीमागे माती येते. पोटावर झोपून काढलेल्या टिटवीमागे दूरचा माळ येतो, आणि तो आपोआप धूसर होतो. स्वस्त लेन्सवर एफ ५.६ किंवा ६.३ च्या छिद्राला पार्श्वभूमी मऊ करायचा एवढाच मार्ग आहे: प्राणी जवळ, मागचं दूर, आपण खाली.

या चारही गोष्टी झाल्यावर बर्स्ट. तीन-चार फोटोंचा एक, मग बोट उचला. जुन्या कॅमेऱ्यात रॉचे मोजके फोटो झाले की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि खंड्या मासा घेऊन वर येतो नेमका तेव्हा कॅमेरा अडकलेला असतो. खंड्या झेप घेण्याआधी मान वरखाली हलवतो; बोट त्या वेळेसाठी राखून ठेवा.

उन्हाळ्यात नऊनंतर आणि हिवाळ्यात साडेदहानंतर माळावर लांबचे फोटो काढू नका. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते आणि पन्नास मीटरवरचा चिंकारा पाण्यातून पाहिल्यासारखा येतो. लोक याला फोकसची चूक समजून लेन्स दुरुस्तीला नेतात. हजारो रुपयांची लेन्सही त्या हवेपुढे काही करू शकत नाही. तेव्हा डबा उघडा आणि वही काढा.

*तपासा:* पहिल्या दहा फोटोंनंतर एक फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून डोळा पाहा. सगळा फोटो हललेला असेल तर शटर वाढवा. फक्त डोळा धूसर आणि गवत रेखीव असेल तर ठिपका चुकतोय.

७. जिथे कॅमेरा खाली ठेवायचा

एप्रिलमध्ये सासवडकडच्या मुरमाड माळावर मला टिटवीची चार अंडी दिसली. घरटं असं नव्हतंच. खड्यांच्या उथळ खळग्यात खड्यांच्याच रंगाची अंडी, सगळी टोकं आत. जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मी वीस मिनिटं पालथा पडून कोन शोधत होतो. परत येताना कळलं, त्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती उबेसाठी नाही, सावलीसाठी. वीस मिनिटं ती अंडी उघड्या उन्हात होती. त्यानंतर मी घरट्याचा फोटो काढलेला नाही, आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, काढू नका. तुमच्या पावलांच्या मागावर कावळा आणि कुत्राही येतात.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर आलाय असं समजून तो खाणं सोडून भांडायला येतो. खाऊ टाकून प्राणी बोलावू नका, विशेषतः टेकडीवर. मुंगसाला चिवडा घालून काढलेला फोटो लगेच ओळखू येतो. रात्री टॉर्च मारून तरसाचा पाठलाग नको. लांडग्याची किंवा खोकडाची पिल्लं बिळाशी दिसली तर तिथून निघा आणि ती जागा कुणालाही सांगू नका. फोटो टाकतानाही तालुका पुरे, वाडीचं नाव आणि लोकेशन नको.

अभयारण्यात शिरताना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू असतो. प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी घ्या, नेमून दिलेली वाट सोडू नका, ड्रोन नेऊ नका. वनरक्षकांना आधी भेटा. त्यांचा रोजचा फेरफटका तोच असतो, कोणत्या पाणवठ्यावर आज हालचाल आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

८. घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवा. निवडताना पहिली चाळणी एकच: डोळा रेखीव आहे का? नाही ते पुसा, मोह न ठेवता. चारशेतले पंधरा उरले तर सकाळ चांगली गेली. मग क्रॉप, थोडं एक्स्पोजर, थोडी सावली उघडणं, बस. गवत हिरवंगार आणि आकाश निळंशार करू नका, पुणे जिल्ह्यातला जानेवारीतला माळ पिवळाच असतो. क्रॉप करताना प्राणी ज्या दिशेला बघतोय त्या बाजूला जागा जास्त सोडा.

वहीत चार ओळी लिहा: तारीख, वेळ, वारा, प्राणी कुठून आला आणि किती पावलांवर बिथरला. शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा. माझ्या वहीत कवडीपाटचा शेकाट्या उभ्या माणसाला पंचवीस पावलांवर उडतो आणि बसलेल्या माणसाजवळ दहा पावलांपर्यंत येतो. दुसऱ्या जागेचे आकडे वेगळे निघतील, ते तुमचे तुम्ही काढा.

लेन्स पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच कापड. माळावरची मुरमाची धूळ तशीच पुसली तर काचेवर चरे पडतात. जून ते सप्टेंबर लेन्स कापडी पिशवीत किंवा चामडी केसमध्ये कपाटात ठेवू नका. पुण्याच्या पावसाळ्यात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च जुन्या लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असू द्या. जेलचे दाणे रंग बदलले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा डब्यात टाका. तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. आणि महिन्यातून दोनदा तरी लेन्स बाहेर काढून गच्चीवरच्या घारीवर रोखा. सरावही होतो आणि काचेला उजेडही लागतो.